शनिवारचं न्हाणं

अड्यारच्या दुकानात शिकेकाईचा वास आला आणि आमचं जुनं अंगण आठवलं. आमच्या तंजावरी घरात पुरुषांनी तेल लावून न्हायचं ते शनिवारी. आमचा कुत्रा मणी, तोही पुरुषच.

एका शनिवारच्या आदल्याच दिवशी डॉक्टरांनी त्याच्या मानेवर गोचिडांचं औषध घातलं होतं.

"अहो, दोन दिवस पाणी लावू नका म्हणालेत ना," बायको म्हणाली.

"शनिवार कसा चुकवायचा?" मी म्हणालो.

कोमट तिळाचं तेल चोळलं, मग शिकेकाई. मान तर दोनदा धुतली. डोळे मिटून तो आपणहून ती पुढे करत होता. किती सुखात आहे, असं वाटलं मला.

महिन्याभरात तो गोचिडतापाने गेला. अजून दिसते ती पुढे केलेली मान.