पुंजारामचा मीटर आणि सोजराबाईचा गळा

कुंभवलीत रात्रपाळी करून सकाळी झोपणाऱ्या माणसाला दोनच शत्रू. एक कारखान्याचा भोंगा आणि दुसरी सोजराबाई. भोंगा निदान वेळेवर वाजतो.

सोजराबाई ही माझ्या शेजारच्या पुंजारामची बायको. पुंजाराम नगरकडून इकडे एका कारखान्यात कामाला आला, तो कारखाना बंद पडला आणि तेव्हापासून तो घरोघरी टीव्हीच्या डिश बसवतो. हे काम दोघांचं. तो गच्चीवर पाना घेऊन डिश केसभर इकडे, केसभर तिकडे सरकवणार आणि ती खाली टीव्हीसमोर बसून ओरडणार, "आलं! अवो, गेलं की! मागं घ्या!" पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात. वरची सिग्नलचा जोर दाखवते, खालची त्याचा दर्जा. सोजराबाईचा डोळा कायम खालच्या पट्टीवर. ती भरली की सोजराबाई "ऱ्हाऊ द्याऽऽ" अशी आरोळी ठोकायची. तिकडे पुंजाराम नट आवळायचा, इकडे मी अंथरुणात उठून बसायचो.

म्हणून पुंजाराम जेव्हा म्हणाला, "सिग्नल बघायचा मीटर घ्यायचाय, पालघरला येता का?" तेव्हा त्याचं वाक्य संपायच्या आत मी चपला घातल्या होत्या.

दुकानदाराने गच्चीवरच्या डिशची वायर जोडून दोन मीटर दाखवले. एक पडद्याचा. आपल्याला कुठला उपग्रह हवा ते त्यात आधी भरायचं, मग सापडला तो तोच की दुसरा, हे तो गुपचूप दाखवणार. दुसरा काट्याचा. सिग्नल लागला की पीं पीं करून त्याने दुकान डोक्यावर घेतलं. दुकानदार बिचारा सांगत होता, "काका, हा कुठल्याही उपग्रहाला ओरडतो. आपला कुठला, ते याला कळत नाही." पण जन्मभर आरोळीवर भरवसा ठेवलेला माणूस मुक्या यंत्राला कसा भुलणार? पुंजारामने ओरडणारा घेतला. वर कमरेला बांधायची पिशवी फुकट मिळाली, तेव्हा तर स्वारी भलतीच खूश.

घरी सोजराबाईने मीटर पाहिला आणि तिचा चेहरा उतरला. "म्हंजे आता माझी गरज नाय," एवढंच ती म्हणाली. पुंजाराम हा गृहस्थ बोलायच्या वेळी नेमका पाना शोधत बसतो.

ती कामावर जायची बंद झाली. गल्लीत शांतता पसरली आणि मला झोप लागेना. कामाच्या वेळी ती उंबऱ्यात बसून निवडलेलेच तांदूळ पुन्हा निवडायची, ते बघून मला फार वाईट वाटायचं.

अशात समोरच्या दुमजली घरातल्या गोजराबाईने ओल्या बोंबलांची दोरी थेट डिशच्या दांडीला बांधली. वजनाने डिश वळली आणि टीव्ही गेला. पुंजाराम एकटाच मीटर घेऊन वर चढला. मीटर असा किंचाळला की बोंबलांवर टपलेले कावळे उडाले. नट आवळून तो ऐटीत खाली आला. बघतो तर वरची पट्टी काठोकाठ, खालची रिकामी आणि चित्राचा पत्ता नाही. मीटरने भलताच उपग्रह धरला होता. पुन्हा वर, पुन्हा खाली. चौथ्या फेरीनंतर गोजराबाईचा धीर सुटला.

"तुमचा मीटर वरडतो लय, पन आमची सिरियल काय येत नाय! सोजराला बोलवा!"

"तिला नका बोलवू!" पुंजाराम गच्चीवरून ओरडला.

उंबऱ्यातून सोजराबाई ताडकन उठली. तांदूळ सांडले. गल्लीच्या मधोमध उभं राहून तिने वर पाहिलं. "का नको? काय वाईट हाय माझ्या आवाजात?"

"घसा बसतो तुझा!" पुंजारामचा आवाज पार नाक्यापर्यंत गेला असेल. "रातभर खोकत अस्तीस. डॉक्टरांनी वरडू नका म्हनून सांगितलं, तरी तू ऐकत नाय. म्हनून घेतला ह्यो मीटर!"

एव्हाना प्रत्येक दारात माणूस होता.

"मंग हे घरात सांगायला काय झालं होतं?"

"घरात तू बोलू देतीस व्हय मला?"

गल्ली हसून लोळायची बाकी राहिली. सोजराबाई पदराने तोंड झाकत गोजराबाईच्या टीव्हीसमोर जाऊन बसली. "थोडं वर... आजून... ऱ्हाऊ द्याऽऽ!" आवाज खरंच फाटला होता. इतके दिवस मला तो नुसता मोठा वाटायचा.

आता दोघं पुन्हा बरोबर जातात. मीटर असतो पुंजारामच्या खिशात. आधी त्याने अंदाज घ्यायचा, शेवटचं केसभर सोजराबाईने सांगायचं. एका डिशला तिच्या दोन आरोळ्या, बस. फुकटची पिशवी तिच्या कमरेला असते आणि तिच्यात खडीसाखर.

ती आरोळी देते, लगेच गच्चीवरून पुंजाराम विचारतो, "खडा घेतलास का?" तोंडात खडा असल्याने तिला उत्तर देता येत नाही. मग तो आणखी मोठ्याने विचारतो. हल्ली माझी झोप मोडतो तो पुंजाराम.