अर्धा सूर खाली

ठाण्याचा गुणाजी पियानो लावायचा. फोर्टातल्या दुकानात वीस वर्षं तेच केलेलं. साहेबलोक गेले, दुकान बंद पडलं, तसा तो घरोघर फिरू लागला. कल्याणला रेल्वेतल्या हरिहररावांकडे वर्षाला दोन खेपा ठरलेल्या, एक पावसाळ्याआधी, एक दिवाळीनंतर. मायदेशी निघालेल्या साहेबाचा पियानो हरिहररावांनी लेकीसाठी, शकूसाठी घेतलेला. गुणाजी धूळ काढायचा, आतल्या लोकरीला कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवायचा, उतरलेल्या तारा चढवायचा. पोरीचा कान भारी तिखट. स्वयंपाकघरातून सांगायची, "काका, ती तार अजून खाली आहे." गुणाजीला कोण कौतुक!

सन पन्नासला मात्र घोळ झाला. गंजलेल्या तारा चढवता चढवता दोन तुटल्या. नव्या मिळायची मारामार. गुणाजीचं धाबं दणाणलं. आणखी तुटल्या तर पोरीचं शिकणंच थांबेल. मग या शहाण्याने काय करावं? तारांवरचा ताण कमी व्हावा म्हणून सगळा पियानो अर्धा सूर खाली उतरवला. सगळ्याच तारा सारख्या उतरल्या की आपसात जुळलेल्याच राहतात. शिकवायला येणाऱ्या मिसबाईंना ऐकूच कमी यायचं, त्यांना काय कळणार?

कळलं ते नऊ वर्षांच्या शकूला. "काका, आज वेगळा वाटतो."

"आधी चढा होता गं," गुणाजी म्हणाला. "आता बरोबर लागलाय."

पोरीने विश्वास ठेवला. पुढच्या खेपेला चढवू, त्याच्या पुढच्या खेपेला चढवू, असं करत पाच वर्षं गेली.

पंचावन्नच्या दिवाळीनंतर गुणाजी गेला, तर पियानोवर चादर घातलेली.

"सोडलंन तिने," शकूची आई आवडाबाई म्हणाल्या. "मुंबईला परीक्षेला गेलेली. मधेच हात थांबले, रडत उठून आली. पण तुम्ही आलायत तर लावून जा, गुणाजीभाऊ."

शकू दारात उभी होती. "तिथे एक पट्टी दाबली की भलताच सूर यायचा, काका. माझ्या कानातच खोट आहे."

गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने चादर काढली आणि एकेक तार चढवायला घेतली. संध्याकाळ झाली. एकही तार तुटली नाही. म्हणजे तेव्हाही जरा दमाने घेतलं असतं, तर टिकल्या असत्या. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

"वाजव," तो म्हणाला.

शकूने एक पट्टी दाबली आणि हात मागे घेतला. "परीक्षेत असाच वाजत होता."

"हाच बरोबर आहे, शकू. पाच वर्षं मीच तो खाली लावून ठेवलेला. तारा तुटतील म्हणून घाबरलो. तू विचारलंस, तेव्हा खोटं बोललो. तुझ्या कानात काही खोट नाही."

शकू पट्ट्यांकडे बघत राहिली. ओरडली असती तर गुणाजीला बरं वाटलं असतं.

"परीक्षेच्या बाईंनी मला विचारलं," ती हळूच म्हणाली, "घरचा पियानो वेळच्या वेळी लावून घेतेस ना? मी म्हटलं, आमचे गुणाजीकाका एक खेप चुकवत नाहीत."