पिवळीतलं ‘हो’

आकडेमास्तर खुर्चीवर बसलेत, असं दृश्य ऑपरेशन थिएटरातल्या कुणी एकोणतीस वर्षांत पाहिलं नव्हतं. डबासुद्धा उभ्यानं खायचे, खिडकीच्या कठड्यावर ठेवून. त्यातली शेवटची अकरा वर्षं तर पायाला भिंगरीच होती. वॉर्डातल्या सिस्टर म्हणायच्या, “मास्तर, तुमच्या चपलांचा हॉस्पिटलला हिशेब द्या, नव्या काढून देतील.”

भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंचे ते मदतनीस. सुया, नळ्या, ऑक्सिजनचे सिलिंडर, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. नाव मात्र पडलं ते आकड्यांवरून. पेशंटच्या शिरेत सुई गेली, की मास्तर त्याच्या कानाशी वाकायचे. “हं, शंभरापासून उलटे मोजा. सावकाश. मागं कुणी लागलेलं नाही.” शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव… नव्वदच्या खाली उतरलेला पठ्ठ्या त्यांना आजवर भेटला नव्हता.

औषधाचं खरं नाव थायोपेंटोन. थिएटरात त्याला सगळे ‘पिवळी’ म्हणायचे. काचेच्या बाटलीत फिकट पिवळी भुकटी असते. तीत शुद्ध पाणी घालून हलवायचं, उजेडात धरायचं, आणि एक कण जरी तरंगताना दिसला तरी अख्खी बाटली फेकायची. शिरेच्या बाहेर सांडलं तर हात भाजल्यासारखा होतो. नीट गेलं तर मिनिटाच्या आत माणूस गारद. जाता जाता पुष्कळ जण म्हणायचे, “तोंडात लसणासारखं काय आलं हो?” मास्तर म्हणायचे, “फुकटची फोडणी आहे, घ्या.”

मोजणी अडखळली, की मास्तर एखादा वाकडा प्रश्न टाकायचे. “बायकोला घाबरता ना?” उत्तर आलं, तर गडी अजून आहे. नाही आलं, तर पापणीच्या केसांवरून हलकेच बोट फिरवायचं. पापणी हलली नाही, की डॉक्टरबाईंकडे बघून मान डोलवायची. आता सगळीकडे दुधासारखं पांढरं नवं औषध आलं होतं. पिवळीच्या थोड्या बाटल्या वरच्या फळीवर उरल्या होत्या, त्याही मास्तर अधूनमधून पुसून ठेवायचे.

अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या बायकोच्या पित्ताशयात खडे झाले. घरच्या माणसाच्या ऑपरेशनला आपण उभं राहायचं नाही, हा थिएटरातला शिरस्ता. पण त्या दिवशी दुसरा मदतनीस तापानं फणफणलेला, आणि मास्तरांनी “मला काही होत नाही” म्हणून छाती पुढे केली. शिरेत पिवळी गेली, बायकोनं सत्त्याण्णवपर्यंत मोजलं. मग ती थांबली. आणि मास्तरांच्या तोंडातून सवयीनं निघून गेलं, “काय गं, माझ्याशी लग्न करून पस्तावलीस ना?”

“हो,” ती म्हणाली. “फार.”

आणि झोपली.

ती बरी होऊन घरी आली. तिनं शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम पुन्हा सुरू केलं. पोरीचं लग्न झालं. मास्तरांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. पण घरात पाय ठेवला की त्यांना बसवेना. ती भाजी वाढायला आली की हे पाणी आणायला उठत. ती अंथरूण घाली तेव्हा हे ओट्यावर काहीतरी पुसत उभे.

आणि एक दिवस डॉक्टरबाईंनी त्यांना बोलावून घेतलं. “मास्तर, पिवळी खाली काढा. कोर्टाचा कागद आलाय.”

एक गोदाम जळालं होतं. आत झोपलेले दोन हमाल गेले. गोदामाचा वॉचमन पोलिसांच्या ताब्यात होता, काडी यानंच लावली असा संशय. त्याला पिवळीच्या बारीक धारेवर अर्धवट गुंगीत ठेवायचं, आणि त्या गुंगीत विचारायचं.

तपास अधिकारी आधीच येऊन बसले होते, हातात प्रश्नांचा कागद. “बाई, या औषधात माणसाला खोटं बोलताच येत नाही म्हणे.”

“या औषधात माणसाला धड बोलताच येत नाही, साहेब,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “कोर्टाचा हुकूम आहे, वॉचमनची संमतीची सही आहे, म्हणून मी उभी आहे. त्याचा श्वास सांभाळायचं काम माझं. खरं-खोटं तुमचं तुम्ही बघा.”

“एवढं काय वाईट वाटून घेता?”

“जगात काही ठिकाणी याच औषधानं फाशी देतात. दोराऐवजी सुई. त्यापायी काही कंपन्यांनी ते विकायचंच सोडलं. मी ते पोटं कापताना दुखू नये म्हणून शिकले होते. आज तिसरंच काम सांगताय.”

मास्तर बाटली हलवत ऐकत होते. साहेब म्हणतात ते खरं असेल, तर टेबलावरचा माणूस आज निकालात निघेल. आणि अकरा वर्षांपूर्वीचं ‘हो’ही खरं. साहेब चुकत असतील, तर… पुढचा विचार करायला त्यांचं मन धजेना.

वॉचमनला आणलं. पन्नाशीचा, हडकुळा, पण चेहरा उजळलेला. मास्तरांनी दंडाला पट्टा बांधला तसा तो म्हणाला, “दादा, लवकर द्या. मी स्वतःहून सही केलीय.”

“भीती नाही वाटत?”

“कसली? सगळे म्हणतात, यात खरंच बाहेर येतं. मी नाही लावली आग. तोंडानं सांगून थकलो, आता औषध सांगेल.”

मास्तरांनी बाटली उजेडात धरली. एकही कण नव्हता. असता तर बरं झालं असतं.

शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. डॉक्टरबाईंनी धार बारीक केली. वॉचमनचे डोळे अर्धे मिटले. टेप सुरू झाला.

“आग कुणी लावली?” अधिकारी गरजले. काही नाही. पुन्हा गरजले. वॉचमननं नुसतं तोंड वाकडं केलं आणि मास्तरांच्या बाजूला मान वळवली.

“तो तुमच्या आवाजाकडे जातोय,” अधिकाऱ्यांनी कागद पुढे केला. “तुम्ही वाचा.”

मास्तरांनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. त्यांची नजर मॉनिटरवर. “मी श्वास बघतेय,” त्या म्हणाल्या. “तुमचं तुम्ही ठरवा.”

मास्तर कानाशी वाकले, जसे रोज वाकत. “काडी तूच लावलीस ना?”

“हो,” वॉचमन म्हणाला. “लावली.”

“मालकानं सांगितलं?”

“मालकानं… हो.”

अधिकाऱ्यांनी मांडीवर थाप मारली. ते ‘हो’ त्यांच्या ओळखीचं होतं. गुळगुळीत, गोड, हजेरीला ‘हजर’ म्हणणाऱ्या पोराचं असतं तसं. त्याच टेबलावर, तोच सूर.

कागदावर पुढचा प्रश्न होता, रॉकेल कुठून आणलं. मास्तरांनी कागद मुडपला.

“आणि आपण दोघं बोटीवर कामाला होतो, आठवतं का रे?”

“हो… बोट…” वॉचमन हसला. “तुम्ही दोर ओढायचात.”

“माझी टोपी पाण्यात पडली होती.”

“मीच काढली. ओली चिंब. लाल होती.”

“अहो, हे काय चाललंय?” अधिकारी उठले. “लिहिलंय ते विचारा!”

“साहेब,” मास्तर ताठ झाले, “मी जन्मात बोटीवर पाय ठेवलेला नाही. आणि या माणसाला आज सकाळी पहिल्यांदा बघितलं.”

अधिकाऱ्यांनी टेपकडे बोट केलं.

“टेप मागं घ्या. बोटीचं पुसून टाका.”

“एक अक्षर पुसायचं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि धार बंद केली. “माझ्या रिपोर्टात बोट येणार. लाल टोपीसकट.”

वॉचमन तासाभरानं नीट शुद्धीवर आला. ओठ कोरडे. “दादा, बोललो ना मी? नाही लावली म्हणून?”

मास्तरांनी पाण्याचा पेला त्याच्या तोंडाला लावला. “तू विचारू ते कबूल करत होतास, बाबा. लावली असंही बोललास. पण न झालेलंही बोललास, आणि तेही टेपात आहे.”

वॉचमननं पेला बाजूला सारला. “म्हणजे औषधालाही माहीत नाही,” तो म्हणाला.

चार वाजता मास्तर घरी. बायको मशीनवर निळ्या बाह्या जोडत होती.

“आज एवढ्या लवकर? हाकललं की काय?”

मास्तरांनी उभ्याउभ्या सगळं सांगितलं. वॉचमन, बोट, टोपी. मग पंख्याचं बटण चालू केलं, बंद केलं. “तुझ्या ऑपरेशनला मी असंच एक विचारलं होतं. माझ्याशी लग्न करून पस्तावलीस ना, म्हणून.”

मशीन थांबलं. “मग? काय म्हणाले मी?”

“हो. फार.”

तिनं आधी डोळे मोठे केले, मग तोंडाला हात लावला. “आणि ते पोटात घेऊन अकरा वर्षं घरभर फिरताय? अहो, मला वाटलं तुमचे गुडघे धरलेत! केवढं तेल चोळलं मी!”

“त्याला काही अर्थ नव्हता गं. आज कळलं. त्यात माणूस कशालाही हो म्हणतो.”

“नसेल अर्थ.” तिनं दातानं दोरा तोडला. “मग आता विचारा. आता काही कुणी सुई टोचलेली नाही.”

मास्तर स्वयंपाकघरात गेले, नळ घट्ट केला, परत आले. “पस्तावलीस?”

तिनं हातातली बाही उलटून ठेवली.

“ही अकरा वर्षं,” ती म्हणाली. “घरात असून नसलेल्या माणसाशी संसार केला. का, ते कळत नव्हतं. त्याच्या आधीची नाही.”

तिनं पायानं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. “बसा.”

ते बसले. लगेच उजवा पाय हलायला लागला. टाचेनं फरशीवर टकटक.

“मोजा,” ती म्हणाली. “शंभरापासून उलटे. उठायचं नाही.” आणि मशीनच्या पायडलवर पाय ठेवला.

शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव. पाय हलतच होता. एकोणनव्वदला त्यांनी तिच्याकडे चोरून पाहिलं. ती मान खाली घालून टीप मारत होती. मास्तर पुढं मोजत राहिले.