हळदीचे टी-शर्ट

आजकालची पोरं नव्याकोऱ्या जर्सी घालून टर्फवर उतरतात ते बघितलं की मला आमचा फुटबॉल क्लब आठवतो. आमची जर्सी म्हणजे हळदीचे टी-शर्ट! डोंबिवलीच्या खाडीकडच्या आमच्या गावात लग्नापेक्षा हळद मोठी, आणि हळदीला नवऱ्याचे दोस्त एकसारखे टी-शर्ट छापून नाचतात. आमच्या गोलकीपरच्या हळदीला अख्खी टीम नाचलेली. आमचे टी-शर्ट पिवळेधमक, पाठीवर ‘नवऱ्याची पोरं’. त्याचा एकट्याचा हिरवा, त्यावर ‘नवरदेव’. जुन्या जर्सींची पार चाळण झालेली, तेव्हा त्यानेच डोकं लढवलं, "अरे, हेच घालू की! गोलकीपरचा रंग पण वेगळाच आहे."

त्या सीझनला आमची काय चेष्टा झाली म्हणून सांगू! आंबिवलीला जा नाहीतर दिव्याला, बाहेरून आरोळी ठरलेली, "नवरा कुठाय रे?" आणि हा गोलमधून दोन्ही हात वर करून ओरडायचा, "इथंच हाय!" आम्ही हरलो तरी लोक आम्हालाच बघायला यायचे.

मग एका रविवारी तो खडवलीला नदीत पोहायला उतरला आणि परत आलाच नाही. एवढा पट्टीचा पोहणारा! अजून आठवलं की संताप येतो, त्याचा, त्या नदीचा, सगळ्याचाच.

त्यानंतर त्या पिवळ्या टी-शर्टांना हात लावायचा कुणाला धीर होईना. त्याच्या आईने बघितले तर तिला काय वाटेल? शेवटची मॅच गावातच होती. आम्ही घरात सापडतील ते पांढरे शर्ट घालून गेलो. त्याची आई सुनेला घेऊन मैदानावर आलेली. आम्हाला बघितलं आणि ती भडकलीच.

"हलदीची कपरी कुठं हान? तवा नाचलाव ना समदी? आता पेटीत घातलीत, तं माजा पोऱ्या कोनाला आठवल?"

सगळे घरी पळाले आणि पिवळे होऊन आले. मी त्याचा बदली कीपर, सीझनभर बाहेर बसून टाळ्या वाजवणारा. आईने पिशवीतून इस्त्री केलेला हिरवा टी-शर्ट काढला. "आई, नको," मी म्हटलं. तिने ऐकलंच नाही. लहान पोराला घालतात तसा माझ्या डोक्यातून ओढून घातला. वहिनी दुसरीकडे बघत होती.

समोरच्या टीमबरोबर आलेल्या एकाला काहीच माहीत नव्हतं. आम्हाला बघून त्याने नेहमीची आरोळी ठोकली, "नवरा कुठाय रे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझे हात वर जाईनात.

तेवढ्यात कडेला बसलेली आई उठली. तिने दोन्ही हात वर केले आणि थेट त्याच्याच सुरात ओरडली, "इथंच हाय!"