रोही आडवा आला

आमच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर माझं नाव ‘रोही’ आहे. रोही म्हणजे नीलगाय. आमच्या वाशीम जिल्ह्यात कळपाने येते आणि उभं सोयाबीन तुडवून जाते. मी दिसायला तसा नाही. हे नाव मला एका थापेमुळे मिळालं, आणि ती थाप मी पंचवीस वर्षं जिवापाड जपली.

कॉलेजात आम्ही तिघे वाशीमला एका खोलीत राहायचो. शेवटच्या वर्षी वर्गातल्या एकीचं किन्हीराजाला लग्न होतं. परत येताना मामाची मागून आणलेली मोटारसायकल मी चालवत होतो, मागे आमच्यातला दुसरा बसला होता. तिसरा लग्नघरीच थांबला होता. दिवस बुडायला आला होता. नवरदेवाची नक्कल दाखवायला मी मान वळवून मागे पाहिलं, आणि गाडी पुलाच्या कठड्याला धडकली. मला चार टाके पडले. त्याचा डावा गुडघा कायमचा गेला. तो पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावायचा.

दवाखान्यात त्याच्या वडिलांनी विचारलं, ‘‘कसं झालं रे?’’

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘काका, रोही आडवा आला.’’

नाव ठेवलं ते त्यानेच, पाय प्लॅस्टरमध्ये असताना. मीही हसलो; मागे बसलेल्याला पुढचं काही दिसलंच नसणार, असं धरून. त्यानंतर त्याला भेटलो नाही. मी मानोऱ्याला मास्तर, तो शिरपूरला शेती करतो. मध्ये दोन एसट्यांचं अंतर, आणि मी वर्षानुवर्षं कामं सांगत राहिलो.

परवा तिसऱ्याचा फोन आला. शिरपूरला त्याचं कापडाचं दुकान आहे. ‘‘त्याची पोरगी पोलिसात लागली. पेढे खायले येतं, का मी घ्याले येऊ?’’

एसटीत बसल्यापासून एकच विचार. तो विचारेल, कोणत्या बाजूनं आला होता रे तो रोही? तेव्हा मी उजवी सांगितली होती की डावी, तेही आठवेना. खोटं बोलणाऱ्यानं निदान पाठांतर तरी नीट करावं. वाशीमला गाडी बदलताना दोनदा वाटलं, परत फिरावं. चढलो, ते केवळ मागचा माणूस ढकलत होता म्हणून.

तिसऱ्याच्या दुकानात तो गादीवर डावा पाय लांब करून बसला होता. केस पांढरे, हसू तेच.

‘‘आला का रोही!’’ तो ओरडला. ‘‘काहून लपून राह्यला होता बे इतके वर्ष?’’

दुकानदार मित्राने माझ्या तोंडात पेढा कोंबला. दुकानदार गिऱ्हाइकाकडे वळला तशी मी संधी साधली.

‘‘रोही नव्हता,’’ मी म्हणालो.

तो हातातला चहा प्यायला, सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. इतकी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. गाडी धडकतानाही नाही. तेव्हा घाबरायला वेळच मिळाला नव्हता. मग भिंतीला धरून तो उठला आणि खिशातली स्कूटीची चावी माझ्या हातात दिली.

‘‘चाल घरी. पोरगी वाट पाहून राह्यली. तू चालव.’’

‘‘मी त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही.’’

‘‘मालूम आहे मले.’’

तो ताठ पाय बाहेर काढून मागे बसला. चावी मी दोनदा उलटी घातली. आरशात त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसता गुडघा दिसत होता. स्कूटी सुरू झाली तसा त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझी मान आपोआप मागे वळायला लागली.

‘‘तवाबी म्हणलं होतं तुले,’’ तो म्हणाला, ‘‘समोर पाह्य.’’