ओल्या मशीनवरची खोळ

सोलांज दालेरनं शिवलेल्या खोळीतून थेंबभरही पाणी आत जात नाही, हे सँत-क्लोतील गावात सगळ्यांना माहीत होतं. हिवाळ्यात गाड्यांवर उभारतात ते तंबू शिवणाऱ्या कारखान्यात तिची उमेदीची सगळी वर्षं गेली. कारखाना बंद पडला तेव्हा तिनं आपलं जाड सुईचं शिवणयंत्र मागून घेतलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी मांडलं. पुढं गावातल्या निम्म्या अंगणांत तिच्या हातची खोळ दिसू लागली. दुहेरी दुमडलेली शिवण, मेण लावलेला दोरा, खालच्या काठातून ओवलेली नाडी. दुकानातला माल पाहिला की ती दुकानदाराच्या तोंडावर म्हणे, "ही खोळ आहे का कांद्याचं साल?"

बाई तशी बोलायला फटकळ. तिच्या तोंडी लागायची फारशी कुणाची छाती होत नसे. आणि हीच बाई एका सकाळी, बोलायची खरी गरज होती तेव्हा, मूग गिळून उभी राहिली. त्या सकाळनं तिचं पुढचं आयुष्य खाल्लं.

तिचा नवरा रोझेर आणि धाकटा दीर क्लेमां यांची घरं शेजारी शेजारी होती. क्लेमांनं लग्न केलं नाही. आईबापांच्या जुन्या घरात तो एकटा राही, पण रविवारचं जेवण भावाकडे, नाताळ भावाकडे, आणि नव्या वर्षाच्या सकाळी गुडघे टेकून आशीर्वाद घ्यायचा तोही भावाकडेच, कारण वडील गेल्यावर आशीर्वादाचा हात थोरल्याचा. बर्फ उडवायचं मशीन दोघांनी मिळून घेतलं होतं. ते रोझेरच्या जिन्यालगत उभं असे, आणि ज्याची पाळी असेल तो दोन्ही अंगणं साफ करी. भावाभावांत इतकं गूळपीठ, की शेजारणी सोलांजला चिडवत, "तुझी लग्नं दोन झालीत गं, एक निजायला आणि एक जेवू घालायला."

मशीनचा एक नियम आमच्याकडे शाळकरी पोरंही जाणतात. काम झालं की थोडा वेळ रिकामं फिरवायचं, पोटातला बर्फ उडवून टाकायचा, मग पूर्ण निवू द्यायचं आणि त्यानंतरच खोळ घालायची. उघडं राहून भिजलं तर सकाळी फडक्यानं पुसता येतं. पण गरम ओल्या मशीनवर खोळ आवळली की वाफ आत कोंडते, आणि रात्री पारा उतरला की आत बर्फाची लादी बसते. खोळ जितकी चांगली तितकी लादी पक्की. सोलांज खोळी शिवायची, पण मशीन कधी चालवलं नव्हतं. रोझेर तिला चालवू द्यायचाच नाही. "तू शीव," म्हणायचा, "आणि त्याला हात लावू नकोस."

हिवाळा सरत आला होता. दिवसभर ओला, जड बर्फ पडला. पाळी क्लेमांची होती. त्यानं दोन्ही अंगणं काढली, मशीन जिन्यालगत निवायला ठेवलं आणि तो जेवायला घरी गेला. थोड्या वेळानं पडता पडता गोठणारा पाऊस सुरू झाला. खिडकीवर टकटक वाजू लागलं. रोझेर टीव्हीवर हॉकी लावून खुर्चीत घोरत होता. सोलांजनं पडदा सारून पाहिलं तर मशीन उघडं. त्याच्या अंगावर वाफा, आणि वरून पाऊस. तिचा जीव कळवळला. खांद्यावर कोट टाकून ती धावली, आपल्या हातची नवी खोळ त्यावर ओढली, नाडी गच्च आवळली आणि नाताळच्या केकच्या खोक्याला बांधते तशी सुरेख दुपाखी गाठ मारून आत आली. आत येऊन सूप ढवळू लागली. कुणाला सांगावं असं काही केलंय, हेही तिच्या मनात आलं नाही.

सकाळी रोझेरनं चाकूनं नाडी कापली, कारण ती गोठून लाकूड झाली होती. खोळ ओढली आणि मशीन सुरू केलं. एक किंचाळी आली, पट्टा जळल्याचा वास सुटला आणि आत काहीतरी मोडलं. शेजारचा लिओनेल मशीनं दुरुस्त करी. त्यानं पुढचं तोंड उघडून आत पाहिलं आणि मान हलवली.

"लादी बसलीय. गिअरचे दातही गेले. गरमच झाकलंय हे कुणीतरी."

रोझेर, लिओनेल आणि आवाज ऐकून आलेला क्लेमां, तिघं पुरुष स्वयंपाकघरात आले. सोलांज तव्यावर धिरडी घालत होती. लिओनेलचं ते वाक्य तिनं दारातून ऐकलं होतं.

"काल पाळी कुणाची?" रोझेरनं विचारलं.

"माझी," क्लेमां म्हणाला. "पण मी झाकलं नाही. निवायला ठेवून गेलो. जेवून परत आलो तर झाकलेलं होतं. मला वाटलं, तुम्हीच घातलीत."

"मी खुर्चीतून उठलोच नव्हतो. मग काय, कुमारी मेरी स्वर्गातून उतरली आणि खोळ घालून गेली?"

लिओनेलच्या नाकातोंडातून कॉफी आली. पुढं कित्येक वर्षं गावात काही हरवलं, काही फुटलं की लोक म्हणत, "दालेरांच्या कुमारी मेरीचं काम असेल."

"हसा लेको," क्लेमां म्हणाला. "पण मी खोटं बोलत नाहीये."

"मग खरं बोल की! थंडी वाजली, कंटाळा आला, टाकली खोळ आणि पळालो. एवढं म्हणायला काय जातं तुझं?"

"जे केलंच नाही ते कसं म्हणू?"

शब्दानं शब्द वाढला. क्लेमांनं एकदा सोलांजकडे पाहिलं. तिनं तवा उचलला, पुन्हा ठेवला. आत्ता सांगते, असं तिच्या ओठावर आलं होतं. पण लिओनेल अजून डोळे पुसत हसत होता, आणि त्या हसण्यात आपण सापडू या कल्पनेनं तिची जीभ टाळूला चिकटली. खोळींची राणी, आणि स्वतःच्या घरचं मशीन स्वतःच्या खोळीनं मारलं! लिओनेल जाऊ दे, मग सांगते, असं तिनं ठरवलं. तेवढ्यात रोझेर बोलून गेला.

"आमच्या ताटात जेवतोस आणि आमच्याच तोंडावर खोटं बोलतोस?"

क्लेमांनं हातातला कप टेबलावर ठेवला. टोपी घेतली आणि गेला.

लिओनेल गेल्यावर सोलांजनं सांगायला हवं होतं. पण आता नुसत्या खोळीची गोष्ट राहिली नव्हती. आता सांगायचं म्हणजे नवऱ्याला सांगायचं, की तू सख्ख्या भावाला जे बोललास ते विनाकारण बोललास. रोझेर रागानं लाल होऊन येरझारा घालत होता. राग उतरू दे, ती मनाशी म्हणाली. राग उतरला तेव्हा त्याला इतकं वाईट वाटत होतं, की त्यात आणखी भर कशाला, असं तिला वाटलं. भाऊ आहेत, रविवारी होईल सगळं ठीक. रविवारी क्लेमां आला नाही. तिनं त्याचं ताट मांडलं होतं, ते तसंच उचलून ठेवलं.

न सांगितलेली गोष्ट दिवसागणिक जड होत जाते. पहिल्या आठवड्यात एका वाक्यात संपली असती. वर्षानं सांगायची तर वर्षभर गप्प का होतीस, याचंही उत्तर द्यावं लागलं असतं. सोलांज मूर्ख नव्हती. आपलं मौन वाढतंय आणि तिकडं एका माणसाची म्हातारपणाची वाट एकाकी होतेय, हे तिला लख्ख दिसत होतं. दिसूनही ती बोलली नाही. याला भित्रेपणा म्हणतात, आणि तिनं स्वतःला दुसरा शब्द कधी दिला नाही.

रोझेरनं स्वतःचं नवं मशीन आणलं. सोलांजनं त्याला खोळ शिवून दिली. क्लेमांनं मशीन घेतलं नाही. तो पत्र्याचं रुंद फावडं दोन्ही हातांनी ढकलत आपलं अंगण काढी. रोझेरचं मशीन हद्दीच्या खांबाशी येई आणि तिथूनच वळे. पलीकडे क्लेमां फावडं भरे आणि बर्फ दुसऱ्या बाजूला टाके, भावाच्या बाजूला कधी नाही. सोलांज शिवणयंत्राशी बसून हे पाहायची. क्लेमां मधेच थांबून कमरेवर हात ठेवी, तेव्हा तिचाही पाय यंत्रावर थांबे.

एकदा रोझेर गावात गेलेला पाहून ती वाटाण्याच्या सूपचं भांडं घेऊन पलीकडे गेली. सांगायचंच, असं ठरवून गेली होती. क्लेमांनं दार उघडलं, भांडं हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला.

"आणखी काही, वहिनी?"

"नाही. गरम आहे तोवर खा."

तो आणखी थोडा वेळ उभा राहिला. मग त्यानं हळूच दार लावलं. परत येताना ती रडली.

असे दहा-बारा हिवाळे गेले. मग रोझेरच्या फुप्फुसांनी दगा दिला आणि त्याला शिकुतिमी शहरातल्या इस्पितळात ठेवलं. क्लेमांला निरोप पाठवू का, असं सोलांजनं विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "बघू." मरणाच्या दोनतीन दिवस आधी, दुपारी, ती त्याला चमच्यानं पाणी पाजत होती. त्यानं चमचा हातानं बाजूला केला.

"सोलांज, क्लेमां खोटं बोलणाऱ्यांतला होता का गं?"

याहून सोपी संधी देवानंही दिली नसती. नवऱ्याचे डोळे स्वच्छ होते. त्याला उत्तर हवं होतं. कदाचित 'नाही' हेच उत्तर तो तिच्याकडे मागत होता. आणि तिला वाटलं, या अवस्थेत त्याला धक्का नको. इतकी वर्षं ज्या कारणानं ती गप्प होती, तेच कारण नवे कपडे घालून पुन्हा आलं.

"जुनं झालं ते," ती म्हणाली. "झोप आता."

तो झोपला. पुढं त्यानं तो विषय काढला नाही. अंत्यसंस्काराला क्लेमां चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला आणि सगळ्यांआधी निघून गेला.

त्यानंतर मोसमातला पहिला मोठा बर्फ पडला, त्या सकाळी सोलांजला खरवडल्याचा आवाज आला. क्लेमां तिच्या जिन्याखालचा बर्फ फावड्यानं काढत होता. तिनं कॉफी चुलीवर चढवली, बूट घातले आणि ती बाहेर आली.

"क्लेमां, मशीन आहे की. ते घे ना."

"नको. फावड्याची सवय झालीय."

"थांब जरा. मला तुला काहीतरी सांगायचंय." ती जिन्याची एक पायरी उतरली. "ती खोळ मी घातली होती. त्या संध्याकाळी. मी."

क्लेमांनं फावडं बर्फात रोवलं.

"माहीत आहे मला, वहिनी."

"कसं?"

"जेवून परत आलो तेव्हा गाठ पाहिली. आम्ही दोघं नाडी नुसती खोचायचो. दुपाखी गाठ या घरात दुसरं कोण मारतं? कुमारी मेरी?" तो किंचित हसला. "तेव्हाच सोडायला हवी होती मी. हात घातला होता. पण तू इतक्या हौसेनं बांधलेली. म्हटलं, सकाळी बघू, एका रात्रीनं काय होतंय! तेवढी चूक माझीही."

"मग तिथंच का नाही बोललास?"

"मी सांगितलं असतं तर आळ तुझ्यावर ढकलतोय असं तो म्हणाला असता. तू सांगशील म्हणून मी थांबलो. सूप घेऊन आलीस ना, तेव्हा वाटलं, आली बाई एकदाची." त्यानं टोपी मागं सारली. "तुझं मला समजत होतं. रोझेरची जीभ मलाही माहीत आहे. मला दुःख होतं ते त्याचं. एकदाही त्याला वाटू नये, की आपला भाऊ खरं बोलत असेल?"

सोलांज पायरीवरचा बर्फ बुटानं सारू लागली.

"का गं, वहिनी? शेवटी शेवटी तरी? कधी विचारलं त्यानं?"

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटलं असतं तर क्लेमां मान हलवून आत आला असता, कॉफी प्याला असता, रविवारी जेवायलाही आला असता. तिला म्हातारपणी एक माणूस मिळालं असतं. चुलीवर कॉफी उकळल्याचा वास दारातून येत होता.

"विचारलं," ती म्हणाली. "इस्पितळात. क्लेमां खोटं बोलणाऱ्यांतला होता का, म्हणून विचारलं."

क्लेमांचा चेहरा उजळला. खरंच उजळला, आणि ते पाहणं तिला सर्वांत कठीण गेलं.

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हणाले, जुनं झालं ते. झोप आता."

रस्त्यावरून नगरपालिकेचा बर्फ काढणारा ट्रक गेला. क्लेमांनं फावड्याच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवले.

"म्हणजे त्याला शंका आली होती."

"हो."

"एक शब्द पुरला असता."

"हो."

त्यानं फावडं उपसलं आणि उरलेली वाट काढायला लागला. अर्धी काढलेली वाट आमच्याकडे कुणी टाकून जात नाही. रस्त्यापर्यंत त्यानं ती नीट काढली, कडा सरळ केल्या, जिन्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकलं. सोलांज दार धरून उभी होती.

"आत ये. कॉफी झालीय."

"इतक्या वर्षांत मी तुझ्यावर कधी रागावलो नव्हतो, सोलांज," तो म्हणाला, आणि फावडं ओढत आपल्या घराकडे निघाला.

वहिनीची ती त्याच्यासाठी सोलांज झाली होती. त्या हिवाळ्यात जेव्हा जेव्हा बर्फ पडला, तेव्हा ती उठायच्या आत तिच्या दारापासून रस्त्यापर्यंतची वाट मोकळी झालेली असे. ती दोन कप मांडून खिडकीशी बसायची. त्यानं दार कधी वाजवलं नाही.