देवराणीचे वाकडे टाके

माझी देवराणी, म्हणजे धाकटी जाऊ, मला कधी आवडली नाही. आता आम्ही दोघी म्हाताऱ्या झालो. एका भिंतीच्या दोन बाजूंना राहतो, तिच्या हातचा चहा मी रोज पिते. पण लिहायला बसलेच आहे तर खरं ते लिहिते.

ती मॅट्रिक, मी चौथी. तिचा नवरा कचेरीत, माझा मिलमध्ये पाळीवर. सासूबाईंना पेपर ती वाचून दाखवायची, गावाकडून आलेलं पत्रही तीच वाचायची. मलाही वाचता येत होतं, पण अडखळत, आणि सासूबाईंना तेवढा धीर नव्हता. देवराणीची पातळं चांगली असायची. त्यात एक जांभळं होतं, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं. तीन वर्षं माझा त्याच्यावर डोळा होता. ती ते नेसून नळावर आली की मी माझी बादली उगाच आपटून ठेवायची.

तिच्याकडे नाही असं माझ्याकडे एकच होतं. मला गोधडी शिवता यायची. काटोलजवळच्या माझ्या माहेरी आईने मला पहिल्यांदा सुई दिली आणि मग शाळा सुटली. चारही बाजूंनी कडेकडेने शिवत मध्यापर्यंत यायचं, टाका तांदळाच्या दाण्याएवढा, दोन ओळींमध्ये एका बोटाचं अंतर. मोहल्ल्यात कोणाकडे बाळंतपण आलं की बाया जुनी लुगडी घेऊन माझ्याकडे यायच्या. देवराणीकडे कोणी लुगडी घेऊन जात नव्हतं. तेवढ्यावर मी उभी होते.

आणीबाणी उठल्यानंतरचा एखाद-दुसरा हिवाळा असेल. रामटेकच्या पलीकडे धरणाच्या पाण्यात गावं गेली होती, आणि त्यातली काही घरं कामासाठी नागपुरात आली होती. आमच्या मोहल्ल्यामागे रेल्वे रुळापर्यंत मोकळी जागा होती, तिथे त्यांनी बांबूच्या तट्ट्यांची खोपटं बांधली. धानाच्या मुलखातली माणसं ती. गावी भाताचं तणस अंथरून त्यावर निजायची, इथे तणस कुठून येणार? पोती अंथरत आणि पोतीच पांघरत. सकाळी नळावर पाणी मागायला येत तेव्हा बायांचे ओठ फुटलेले दिसायचे.

आमचं महिला मंडळ होतं. अध्यक्ष रामदासपेठेतल्या एक डॉक्टरीणबाई, मोटारीतून यायच्या. त्यांनी सुचवलं की यंदा संक्रांतीचं हळदीकुंकू या लोकांसाठी करायचं. दरवर्षी आपण एकमेकींनाच चाळण्या आणि फण्या लुटतो, यंदा प्रत्येकीने एक उबदार वस्तू आणायची आणि वाण म्हणून त्या बायांना द्यायची. सगळ्यांना पटलं, मलाही पटलं. थंडी डिसेंबरच्या सुरुवातीपासून पडली होती आणि संक्रांत जानेवारीच्या मध्यात, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. आम्ही महिनाभर संक्रांतीची वाट पाहिली. त्यांनी तो महिना पोत्यांत काढला.

देवराणीने बर्डीच्या बाजारातून ब्लँकेट आणलं. लाल, काठाला काळा पट्टा. घरात सगळ्यांनी त्यावरून हात फिरवला. सासूबाईंनी तर गालाला लावून पाहिलं.

त्याच दुपारी मी पेटी उघडली. तिच्या ब्लँकेटपुढे माझी गोधडी उठून दिसली पाहिजे, एवढंच माझ्या मनात होतं. रुळाकडच्या बाया त्यात कुठेही नव्हत्या. वरून माझं बरं लुगडं घेतलं, खालून नवऱ्याची धोतरं जोडली. आत जाड काय घालावं? आमच्या तीन पोरांचं मिळून एक जुनं कांबळं होतं. ते मी आत घातलं.

महिनाभर शिवत होते. पोरं माझ्या लुगड्याच्या फडक्यांत पाय पोटाशी घेऊन निजायची. पाळीवरून आलेल्या नवऱ्याने एकदा पाहिलं आणि विचारलं, "पोरं उघडी पडून राहिली, अन् तू हे कोनासाठी शिवून राहिली वं?"

मी म्हटलं, गरिबांसाठी. तो म्हणाला, "आपन कोन आहो मंग?" आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

हळदीकुंकू मारुतीच्या देवळापुढच्या मांडवात होतं. आम्ही वाण देणाऱ्या बाया ओळीने बसलो, आपापली वस्तू मांडीवर. त्या बाया एकामागून एक येणार, कुंकू लावून घेणार, तिळगूळ घेणार आणि एकेकीसमोरून वाण घेऊन जाणार, अशी रीत ठरली होती. डॉक्टरीणबाईंनी ओळ लावली. दुकानातून आणलेल्या वस्तू पुढे, घरी केलेल्या मागे. देवराणी दुसरी, मी शेवटची. माझी गोधडी पाहून बाई म्हणाल्या, "वा, घरगुती आहे." मग वळून देवराणीशी कुठल्याशा पुस्तकाबद्दल बोलत राहिल्या.

बाया आल्या, लाजत. ज्या बाईला लाल ब्लँकेट मिळालं ती ते छातीशी धरून मागे वळून वळून पाहत गेली, कोणी परत मागेल म्हणून. मी मागून सगळं पाहत होते. ओळ पुढे सरकत होती आणि मी गोधडीची वरची घडी सारखी करत होते.

माझ्यापर्यंत कोणी आलंच नाही. आमच्या बाया जास्त भरल्या, त्यांच्या कमी. माझ्या शेजारणीच्या मांडीवर मफलर उरला होता. तिने तो हळूच पिशवीत टाकला, तिला बरंच वाटलं असेल. माझी गोधडी पिशवीत मावणारी नव्हती. देवराणी रिकाम्या हाताने माझ्याजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, असू द्या. घरी पोरांले होईल."

ती चांगल्या मनाने बोलली हे मला आज कळतं. तेव्हाही कळलं असावं. पण माझ्या कानशिलाला आग लागली. पोरांचं कांबळं आत गेलंय हे तिला ठाऊक होतं तर. आता ही गोधडी काखेत मारून तिच्याच सोबत घरी जायचं, सासूबाई विचारणार, आणि सांगणार ही.

मांडवाबाहेर विहिरीच्या कठड्याला टेकून पाच-सहा म्हाताऱ्या उन्हात बसल्या होत्या. आपल्या लेकीसुनांसोबत आल्या होत्या. सगळ्यांची कपाळं मोकळी. त्यांना कोणी बाहेर बसा म्हटलं नव्हतं. म्हणावं लागतच नाही. हळदीकुंकवाला विधवा बाई आपली आपणच बाहेर बसते. आम्ही थंडीचं वाण हळदीकुंकवात बांधलं, आणि ज्यांना सगळ्यात जास्त थंडी लागत होती त्या म्हाताऱ्याच त्यातून राहून गेल्या. मांडवातल्या एवढ्या बायांत हे एकीलाही सुचलं नाही. मलाही त्या क्षणापर्यंत नाही.

मी उठले आणि बाहेर जाऊन पहिल्या म्हातारीच्या मांडीवर गोधडी टाकली.

ती दचकली. म्हणाली, "मले काहून देते वं माय? मले कुंकू कुठं आहे?"

"थंडी काय कुंकू पाहून लागते?" मी म्हटलं.

हे वाक्य पुढे कितीतरी वर्षं मोहल्ल्यात फिरलं. कोणी म्हणायचं, चौथी शिकलेली बाई, पण बोलली कशी. खरं सांगते, मी म्हातारीकडे पाहून बोललेच नव्हते. मान मांडवाकडे होती आणि आवाज चढवलेला होता. देवराणीला ऐकू जावं म्हणून बोलले होते. गेलंही. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, माझा हात हातात घेतला, पुढच्या वर्षी कोणाला असं बाहेर ठेवायचं नाही म्हणाल्या. माझ्या डोळ्यांना फक्त देवराणीचं उतरलेलं तोंड दिसत होतं, आणि मला तिळगुळाहून ते गोड लागलं.

म्हातारीने गोधडीवर हात ठेवला आणि बाकीच्यांकडे बोट केलं. "अन् ह्या?"

मी मांडवाकडे वळून पाहिलं. मांडवातल्या बायांच्या मांड्या रिकाम्या होत्या. शेजारणीने मफलर काढून दिला, एवढंच झालं. मग सगळ्या चहा प्यायला गेल्या आणि मीही गेले. देवराणी तेवढी विहिरीपाशी उभी राहिली. मला वाटलं, माझं कौतुक सहन होत नाही तिला.

त्यानंतर ती रोज दुपारी बाहेर पडू लागली. सासूबाईंना सांगायची, वाचनालयात जाते. मला वाटायचं, डॉक्टरीणबाईंकडे जात असेल, माझ्याबद्दल काहीबाही सांगत असेल. आठवडा झाला तरी माझं कौतुक सुरू होतं, म्हणून मलाही वाटलं रुळाकडे एक चक्कर मारावी. माझी गोधडी कशी वापरताहेत ते पाहावं, त्या म्हातारीने चार लोकांत माझं नाव काढावं.

खोपटांच्या मागे ऊन होतं तिथे त्या म्हाताऱ्या बसल्या होत्या. माझी गोधडी आडवी अंथरून त्यावर तिघी बसलेल्या. रात्रीही तिघी ती तशीच आडवी पांघरतात, हे मला नंतर कळलं. आणि मधोमध देवराणी, सुई हातात, समोर तिचीच पातळं पसरलेली. एक हिरवं, एक पिवळं आणि ते जांभळं. उभी फाडून जोडलेली. तिला मी यायच्या आधी दिसले असते तर तिने ती लपवली असती, एवढं तिच्या तोंडावरून कळलं.

मी एक गोधडी दिली ती देवळासमोर, आवाज चढवून. ही चार द्यायला निघाली होती तट्ट्याआड, वाचनालयाचं निमित्त सांगून. मला तिचा हेवा वाटला, आजवर वाटला त्याहून जास्त. जांभळ्या पातळाचा हेवा त्यापुढे काहीच नव्हता.

म्हातारीने मला ओळखलं. "ये वं माय, बस. हिले जराशीक शिकव. हिचे टाके पाह्य, जशी बकरी उड्या मारत गेली."

सगळ्या हसल्या. देवराणीही हसली. टाके खरंच तसे होते, एक बोटभर, एक दिसेना असा, ओळ तिरपी तिरपी जाऊन दुसऱ्या ओळीला भिडलेली. कोणी पाय ताणला की आठ दिवसांत उसवणार.

ती म्हणाली, "बाई, तुम्हालाच विचारणार होते. पण तुम्ही शिकवलं नसतं."

ते खरं होतं. हुशार बाई ती. एक दुपार शेजारी बसवून घेतलं असतं तर तिला सगळं आलं असतं. मग मोहल्ल्यातली लुगडी तिच्या दारात गेली असती. पेपर तिचा, पत्र तिचं, डॉक्टरीणबाई तिची, आणि आता हा मोठेपणाही तिचाच. माझी सुई तेवढी माझी होती. दुसरीकडे, तिच्या टाक्यांवर त्या म्हाताऱ्यांची थंडी निघणार नव्हती. हिवाळ्याचे अजून तीन-चार आठवडे होते.

मी तिच्या हातातली सुई काढून घेतली. म्हटलं, सरक.

तिने शिवलेलं सगळं मी उसवलं आणि नव्याने घातलं. ती शेजारी बसून पाहू लागली तर मी तिला दोरा ओवायला लावला, नाहीतर घरी जाऊन जुनी धोतरं आणायला पाठवलं. कोपरा कसा वळवायचा हे तिने दोनदा विचारलं. दोनदा मी ऐकलं नाही असं केलं. सुईवर डोळा ठेवून बसली की मी पाठ फिरवून शिवायची. म्हाताऱ्यांच्या ते लक्षात आलं होतं. एक माझ्याकडे पाहून म्हणाली, जेठानी विद्या कमरेले खोचून बसली. मी हसले नाही.

जांभळ्या पातळाचं काय करावं हा प्रश्न होता. वरून घातलं असतं तर ती गोधडी चार लोकांत मिरवली असती, आणि पाहणारा प्रत्येकजण विचारता झाला असता की हे पातळ कोणाचं. मी ते मधल्या थरात घातलं. वरून माझं जुनं लुगडं, खालून धोतर. ऊब तेवढीच. देवराणीने पाहिलं आणि पुढचा दोरा ओवला.

दोन आठवड्यांत चार गोधड्या झाल्या. उरलेल्या तुकड्यांची एक पाचवी मी आमच्या पोरांसाठी शिवली. तिला विचारलं नाही. तुकडे तिच्याच पातळांचे होते. ती गोधडी दोरीवर वाळत घातलेली सासूबाईंनी पाहिली, देवराणीच्या मोकळ्या झालेल्या पेटीकडे पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. त्या दिवशी त्यांनी पेपर वाचायला तिला बोलावलं आणि मलाही म्हणाल्या, "तूही बस वं इथं." मी बसले.

पावसाळ्याआधी ती खोपटं तिथून उठली. माणसं कुठे गेली ठाऊक नाही. गोधड्या घेऊन गेली असतील, माझे टाके उसवणारे नव्हते.

देवराणीने त्यानंतरही बरेचदा विचारलं. तिच्या सुनेच्या बाळंतपणात विचारलं, दुसऱ्या नातवाच्या वेळी विचारलं. दर वेळी मी म्हटलं, कपडा ठेवून जा, शिवून देते. दिलंही. तिच्या घरातली एकूणएक गोधडी माझ्या हातची आहे. मागच्या महिन्यात तिने चष्मा लावून उशीची खोळ शिवली आणि मला दाखवायला घेऊन आली. टाके तसेच, तिरपे तिरपे. मी म्हटलं, छान झाली. बरं वाटलं मला.